नाकातलं वजन

साठी उलटली, डोक्यावरचे केस गेले, चष्म्याच्या दुकानात त्याच्या हाताखाली शिकलेल्यांनी आपापली दुकानं थाटली, तरी ओळखीतले सगळे त्याला धाकटाच म्हणत. धाकटा कुणाचा, हे आता कितीजणांना आठवत होतं कुणास ठाऊक! घरात उरले होते दोघंच, तो आणि वहिनी. दादा लग्नानंतर वर्षभरातच, एका लख्ख सकाळी, त्या काळातलं नवंकोरं जेट लढाऊ विमान घेऊन उडाला आणि परत आलाच नाही. ना विमान सापडलं, ना तो. काही सापडलं असतं तर दोघांना रडून मोकळं तरी होता आलं असतं. तेही नशिबात नव्हतं. मग वहिनी आज येतील, उद्या येतील करत म्हातारी झाली, आणि धाकटा बघता बघता आपल्या थोरल्या भावापेक्षा वयाने कितीतरी मोठा होऊन बसला.

खेळण्यांच्या दुकानात त्याच विमानाच्या, सुटे भाग जोडून करायच्या प्रतिकृतीचं खोकं त्याला दिसलं, तेव्हा त्याने ते किंमत न विचारता उचललं. खिडकीपाशी टेबल होतं, त्यावर सुट्टीच्या दिवशी त्याचा संसार मांडला जाऊ लागला. प्लास्टिकच्या चौकटीतून एकेक भाग कापायचा, कडा घासायच्या, जोडायचा, वाळू द्यायचा. चष्म्याचे बारीक स्क्रू फिरवण्यात जन्म गेलेला माणूस, त्याला हे काम म्हणजे हातचा मळ. वहिनी येता-जाता बघायची.

"भाऊजी, जेवणापुरती तरी जागा सोडा हं, नाहीतर ताट पंखावर वाढीन!"

खोक्यात वैमानिकाचा एक इवलासा बाहुलाही होता. दादाच्या जागी तो गुळगुळीत ठोंब्या बसवायचा? छे! धाकट्याने तो परत खोक्यात टाकला आणि खुर्ची रिकामी ठेवली.

आता एक गोष्ट सांगायला हवी. या विमानाचं एक चाक नाकाखाली असतं, दोन मागे पंखांखाली. प्रतिकृती आतून पोकळ, शेपटीकडे जड. म्हणून धडाचे दोन अर्धे भाग चिकटवण्याआधी नाकात शिशाचे छर्रे भरावे लागतात, नाहीतर विमान मागे कलंडून शेपटीवर फतकल मारतं. हे विसरणं ही या छंदातली ठरलेली फजिती, आणि तीच धाकट्याच्या वाट्याला आली. धड जोडून झालं, सांधे घासून झाले, चंदेरी रंगही वाळला, आणि मग त्याला छर्ऱ्यांची वाटी दिसली, जशीच्या तशी भरलेली. त्याने कपाळावर हात मारला. निमूटपणे चाकं बसवली आणि विमान टेबलावर ठेवलं.

ते कलंडलं नाही.

त्याने बोटाने शेपटी दाबली. नाक वर उचललं गेलं. बोट काढल्यावर ते हळूच खाली आलं, जरासं उजवीकडे कललं आणि मग सरळ झालं. त्याने विमान कानाशी धरून हलवलं. आत काही खडखडलं नाही. खेळण्यांच्या दुकानदाराला फोन केला तर तो हसलाच. "वजनाशिवाय ते उभं राहणारच नाही हो! टाकलं असेल आणि विसरला असाल. वय झालं."

वहिनी पदराला हात पुसत शेजारी येऊन उभी राहिली. तिने रिकाम्या खुर्चीकडे बराच वेळ पाहिलं.

"हे असेच बसायचे," ती म्हणाली. "आधी उजवीकडे कलायचं, मग सरळ."

त्यानंतर धाकट्याचं दुकानात लक्ष लागेना. घरी यावं, तर कधी विमान तीन चाकांवर उभं असायचं आणि त्याचा जीव भांड्यात पडायचा. कधी शेपटीवर बसलेलं, नाक आभाळाकडे, आणि मग घर खायला उठायचं. तो समोर खुर्ची ओढून बसायचा, दुकानातल्या गमती सांगायचा, वहिनीच्या गुडघ्यांची तक्रार सांगायचा, आणि केव्हातरी नाक हळूच खाली यायचं. पण ते येणं दिवसेंदिवस लांबत चाललं. एकदा तर दोन दिवस विमान शेपटीवरच होतं. धाकट्याला अन्न गोड लागेना. एकदा गेलेला माणूस परत हातचा जाणार, हे त्याला स्वच्छ दिसत होतं, आणि ते सोसायची त्याच्यात ताकद नव्हती.

तिसऱ्या दिवशी, भर दुपारी, नाक खाली आलं. धाकट्याने वैमानिकाच्या खुर्चीवर बसवायचं, एवढंच उरलेलं काचेचं झाकण उचललं.

"काच उघडीच राहू द्या," दारातून वहिनी म्हणाली. "बंद जागेत जीव घाबरायचा ह्यांचा."

"काच लावल्याशिवाय विमान पुरं होत नाही, वहिनी."

त्याने कडेला गोंद लावला आणि झाकण दाबून धरलं. झटपट चिकटणाऱ्या गोंदाची वाफ काचेवर आतून बसते, हे ठाऊक असल्याने त्याने मुद्दाम साधा पांढरा गोंद घेतला होता. तरी काच धुरकटली. मग निवळली. पुन्हा धुरकटली. धाकटा खाली वाकून बघत राहिला, आणि त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. इतक्या वर्षांत दादा इतका जवळ कधी नव्हता.

संध्याकाळपर्यंत काच निवळायची थांबली. आतून नुसतं दाट पांढरं धुकं.

"भाऊजी, उघडा हो," वहिनी मागून म्हणाली. "जाऊ दे त्यांना. मी राहीन तशी. पण उघडा."

तिला बोटांच्या संधिवाताने कात्रीही धरवत नव्हती. उघडायचं ते त्यानेच. त्याने पातळ पात्याची सुरी घेतली, टोक सांध्यावर टेकवलं. एवढं जरासं उचकटलं की झालं. आणि मग उद्या शेपूट खाली, नाक वर.

तेवढ्यात धुक्यात टिकलीएवढी जागा स्वच्छ झाली. आतून, कुणी बाहीने पुसावी तशी.

धाकट्याने सुरी ड्रॉवरमध्ये ठेवली आणि ड्रॉवर लावून घेतला. खुर्ची आणखी पुढे ओढली.

"असू दे ना, दादा," तो अगदी लहान मुलासारखा म्हणाला. "बस ना थोडा वेळ."

मागे वहिनी रडत होती. टिकलीएवढी ती जागा पुन्हा हळूहळू धुरकटत गेली. तो वाट पाहत राहिला, पण या वेळी ती कुणी पुसली नाही.