अकरा दिवस उशिरा मिळालेला पासपोर्ट

मी एक जुना पासपोर्ट आहे. मरून रंगाचा, कोपरे झिजलेले, मुदत कधीच संपलेली. मित्रांनो, मी फिलिपिन्सचा. माझा मालक रोमेल बास्केटबॉलपटू. त्याचे वडील अमेरिकन आणि आई एर्लिंडा सेबूजवळच्या तालिसायची, म्हणून त्याच्याकडे निळा अमेरिकन पासपोर्टही होता. माझ्यानंतर नवे पासपोर्ट आले, तरी मला कोणी टाकलं नाही. रोमेल या देशाचा नागरिक म्हणून पहिल्यांदा कधी नोंदला गेला, हे सांगणारा मीच.

माझा जन्म अमेरिकेतल्या आमच्या वकिलातीत झाला. एर्लिंडाने खरं तर आधीची वेळ घेतली होती. पण त्याच आठवड्यात तिकडे तालिसायला तिचे वडील वारले. आमच्याकडे माणूस गेला की नऊ दिवस घरात प्रार्थना चालते, आणि त्या दिवसांत नवं काम हाती घ्यायचं नाही, अशी तिला तिच्या आईची शिकवण. "कागद काय पळून जातोय?" असं म्हणून तिने वेळ पुढे ढकलली. पुढची वेळ मिळाली तेव्हा रोमेलला सोळा पूर्ण होऊन अकरा दिवस झाले होते. कुणालाच त्याचं काही वाटलं नाही. मी तर माझ्या सोनेरी अक्षरांवरच खूश होतो.

बाविसाव्या वर्षी तो मनिलाच्या व्यावसायिक लीगमध्ये आला आणि पहिलाच हंगाम त्याने गाजवला. गल्लीत चपला घालून खेळणारी पोरं त्याची नक्कल करू लागली. नेम चुकला की मात्र तेच प्रेक्षक ओरडायचे, "ए अमेरिकन, घरी जा!"

"कुठल्या घरी, ते तरी सांगा!" तो हसून म्हणायचा. त्याला एकच गोष्ट हवी होती, देशाची जर्सी. आईला त्याने तसा शब्द दिला होता.

शेवटी राष्ट्रीय शिबिराचं बोलावणं आलं. व्यवस्थापक बेलार्मिनोंनी मला उघडलं आणि त्यांचा चेहरा पडला.

"आंतरराष्ट्रीय नियम आहे, सोळाच्या आत हा पासपोर्ट काढला असता तर तू इथलाच धरला गेला असतास. आता तू बाहेरून आणलेल्यांत. तसा एकच खेळाडू संघात चालतो, आणि ती जागा आपल्या त्या सातफुटी परदेशी खेळाडूची आहे."

"साहेब, अकराच दिवस हो!"

"अकरा काय नि एक काय, पोरा."

तीन वर्षं अर्ज झाले, विनवण्या झाल्या. सगळं फेटाळलं गेलं.

आईने फोनवर विचारलं, "का रे नाही घेतलं तुला?" रोमेल माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "सरावाला दांड्या मारल्या मी."

"लाज नाही वाटत?" ती कडाडली.

दोदोंगमामाला खरं ठाऊक होतं. तो चिडला. "सांगून टाक की तिला! फुकट शिव्या कशाला खातोस?"

"मामा, बापासाठी रडत बसली होती रे ती. तेच दिवस आता तिच्या माथी मारू?"

पुढे गुडघे गेले आणि चौतिसाव्या वर्षी खेळ सुटला. तोवर एर्लिंडा कॅन्सर घेऊन तालिसायला परतली होती. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ती सांगायची, "देवाने उंची दिली, अंग दिलं. पण माझ्या पोटचा आळशी निघाला." रोमेल तिचे पाय चेपत म्हणायचा, "हो आई, चुकलंच माझं." कागदपत्रांच्या पिशवीत मी तिच्या उशापाशीच होतो. मला ते ऐकवत नसे.

शेवटच्या दुपारी तिने त्याचा हात धरला. "जाऊ दे बाळा. मी तुला माफ केलं."

तो एवढा उंच माणूस तिच्या कुशीत डोकं खुपसून हमसाहमशी रडला. पश्चात्तापाचं रडू, असं समजून ती त्याला थोपटत राहिली. तशीच ती गेली.

मित्रांनो, कागद वेळेवर काढा, हे मी सांगणारच. पण आपल्या माणसाला बोल लावण्याआधी त्याला एकदा जवळ बसवून विचारा, ही माझी खरी विनवणी आहे. मला वाचा असती तर त्या दुपारी मी बोललो असतो की गप्प राहिलो असतो, हे मला अजूनही कळत नाही.