पुढं कुणी पाठवलं

धुळ्याबाहेरच्या माळावर काही कारखानदारांनी गोल्फचं मैदान केलं, तेव्हा शेजारच्या वाडीतल्या दहा मुलामुलींना तिथे कॅडीचं काम मिळालं. सकाळी खेळणाऱ्याच्या काठ्यांची पिशवी वाहायची, चेंडू कुठे पडला ते बघायचं आणि संध्याकाळी हितेंद्र सरांकडे गणित शिकायचं. सर तंत्रनिकेतनातून निवृत्त झालेले. दर वर्षी एका कॅडीला क्लबने इंजिनिअरिंगची शिष्यवृत्ती द्यावी, हे त्यांनीच भांडून मंजूर करून घेतलं होतं.

पुनमला वडील नव्हते. आई, शेवंताबाई, कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला जायची. बारावीच्या वर्षी सर पुनमला म्हणाले, "यंदाची शिष्यवृत्ती तुझीच."

जानेवारीतल्या एका सकाळी ती क्लबचे अध्यक्ष रुपचंदशेठ यांची पिशवी वाहत होती. सरही त्यांच्याबरोबर खेळत होते. शेठचे दोन चेंडू बाभळींत हरवले, तसे ते वैतागले.

"मागं उभी राहून काय करतेस? पुढं जा, तिथं थांब!"

फटका बसेपर्यंत मागेच थांबायचं, हे सरांनी पहिल्याच दिवशी बजावलेलं. पुनमने त्यांच्याकडे पाहिलं. सर हातमोजा नीट करत राहिले. ती गेली. बाभळीपाशी पोचून वळते न वळते तोच शेठनी चेंडू मारला. साधी हाकही दिली नाही.

चेंडू लागून पुनमचा डावा डोळा गेला. नाशिकच्या डॉक्टरांनीही हात टेकले.

तीन आठवड्यांनी सर घरी आले. खाटेच्या कडेवर बसले, पाणीसुद्धा घेतलं नाही. त्यांच्याकडे टाइप केलेला कागद होता. कुणी सांगितलं नसताना मी आपणहून पुढे गेले, असं त्यात लिहिलं होतं. खाली सहीची जागा.

"सर, तुम्ही तिथंच होता ना?"

"होतो."

"मग?"

"तू तक्रार केलीस तर ते शिष्यवृत्तीच बंद करतील, पुनम. बाकीच्या नऊ पोरांनी काय करायचं? आणि सही केलीस तर चार वर्षांचं सगळं शिक्षण क्लब करेल. मी लिहून घेतलंय."

पुनमने आईकडे पाहिलं. शेवंताबाई चुलीकडे तोंड करून बसली होती. तशीच पाठमोरी म्हणाली, "कर सही, बेटा. डोया काही परत येवाव नही. तुनं शिक्षण तरी व्हई."

पुनमने सही केली. एका डोळ्याने अंदाज चुकला आणि नाव रेघेच्या खाली गेलं.

जूनमध्ये क्लबात कार्यक्रम झाला. रुपचंदशेठनी तिला शाल दिली आणि माइकवर सांगितलं, "या मुलीकडून एक चूक झाली, पण ती खचली नाही." लोकांनी टाळ्या वाजवल्या. सरांनीही. पुनम फोटो होईपर्यंत उभी राहिली, मग मागच्या दाराने बाहेर गेली आणि भिंतीशी ओकली.

पुण्याला जायच्या दिवशी सर धुळ्याच्या स्टँडवर आले. हातात जाडजूड शब्दकोश होता. तिने तो घेतला नाही.

"सर, एकदा म्हणा. मी आपणहून गेले नव्हते."

सर जवळ सरकले. "नव्हतीस," ते पुटपुटले.

"मोठ्यानं म्हणा."

शेजारच्या बाकावर क्लबचा मॅनेजर बसला होता, आपल्या मुलाला सोडायला आलेला. सरांनी एकदा तिकडे पाहिलं. ओठ हलले, पण आवाज निघाला नाही.

कंडक्टरने घंटी मारली. पुनमला पहिली पायरी नीट दिसली नाही, पाय घसरला. सरांनी झटकन हात पुढे केला. तिने दांडा धरला, तोल सावरला आणि आत गेली.