घोडबंदरच्या गाळाची मिठी

वासावरून ओळखलंत ना? मीच तो, घोडबंदरच्या खाडीतला गाळ.

तिवरांची पानं गळली, कुजली, खेकड्यांनी खाऊन पुन्हा टाकली, त्यातून मी झालो. खानदान काही मिरवण्यासारखं नाही. पण कुजक्या पानांची एक खोड माझ्यात उतरलीय. पाण्यात तांबं, जस्त, शिसं दिसलं की मिठी मारायची आणि सोडायची नाही.

नव्वदच्या सुमारास वरच्या अंगाला धातूला मुलामा चढवणाऱ्या कारखान्यांचे गाळे निघाले. नळ, कड्या चमकवायच्या आणि उरलेलं पाणी नाल्यात. नाला माझ्यात. जवळच्या शांती नगर वसाहतीतल्या बाथरूममध्ये नळ चकाकत होते, त्यांची घाण मी पोटात घालत होतो. आभार वगैरे कोणी मानले नाहीत.

ओहोटीला गावातली सुगंधा यायची, तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, वेचायला. गुडघाभर रुतली की मला मनसोक्त शिव्या घालायची. मला ती आवडायची.

मग एका बिल्डरला प्लॉटवर भराव हवा झाला. त्यानं मला उपसायला खाडीत पंप लावला आणि पंपावर ठेवला सुगंधाच्याच नवऱ्याला, महिपतला. संपदा नावाची कॉलेजातली मुलगी तेव्हा पाणी तपासायला यायची. ती त्याला म्हणाली, "काका, पाण्यात फारसं नाहीये, सगळं विष या गाळानं धरून ठेवलंय. उपसलात, हवा लागली, की सुटेल."

महिपत हसला. "चिखलाला काय हात हायेत धरायला? जा पोरी, मना काम हाय."

पंप धडधडला. माझी मिठी सुटली आणि इतक्या वर्षांचं धरलेलं पाण्यात गेलं. थोड्याच दिवसांत बोयटं मासे पोट वर करून तरंगली. तिसऱ्या तोंड वासून मेल्या.

सुगंधानं त्याच टोपलीत भरल्या, पंपावर गेली आणि महिपतच्या उघड्या डब्यात ओतल्या.

"खा! तुझ्या बिल्डरला पन वाढ!"

"अगं, मुकादम बघतोय..."

"बघू दे. पोरांना काय घालू, ह्ये?"

महिपतनं डबा बाजूला सारला. मग त्यानं पंप बंद केला. मुकादम ओरडला, "अरे, चालू कर!" तर यानं इंजिनाचं हँडलच खाडीत भिरकावलं. ते माझ्यातच रुतलंय, मागायला कोणी आलं नाही. दुसऱ्या दिवशी गावच्या बायकांनी होड्या आडव्या लावल्या, आणि पंप गेला.

आता नवराबायको जाळं घेऊन पार खाडीच्या तोंडाशी जातात. मी पुन्हा खाली बसलोय. पानं गळतायत, मी धरतोय. मुलाम्याचे गाळे मात्र चालूच आहेत.

माझी पूजा नको, माझ्यावर बगिचाही नको. नाल्याचं तोंड तेवढं बंद करा. पोट भरत आलंय माझं, आणि मी ओकलो तर ते तुमच्याच ताटात येईल.