मी अडकलो नव्हतो

शनिवार, ६ डिसेंबर. सकाळी दहा वाजून बारा मिनिटांनी भोपाळमधल्या बरखेड्याच्या मैदानावर मुलींची चारशे मीटरची शर्यत संपली. पहिली आलेल्या सोनलची वेळ नोंदवली गेली नाही.

मित्रांनो, ती वेळ माझ्याकडे असायला हवी होती. मी एक जुने स्टॉपवॉच बोलतो आहे. त्या सकाळी मी शारीरिक शिक्षणाच्या सुचेता मॅडमच्या उजव्या मुठीत होतो. सोनलने रेघ ओलांडली, मुली ओरडल्या, आणि मी चालतच राहिलो. एक मिनिट चाळीस सेकंदांवर मला कोणीतरी थांबवले. तोवर फार उशीर झाला होता. सोनल पाऊण तासाने पुन्हा धावली. दमलेल्या पायांनी तिने अडुसष्ट पूर्णांक चार दशांश सेकंद घेतले. पुढच्या पातळीवरच्या स्पर्धेच्या निवडीसाठी सदुसष्टच्या आत यायला हवे होते.

मुख्याध्यापक शैलेंद्र सरांनी विचारले, "मैडम, हुआ क्या?"

मॅडम म्हणाल्या, "घड़ी अटक गई सर. पुरानी है."

हे खरे नव्हते. म्हणून मी बोलायचे ठरवले.

माझा जन्म दक्षिणेतल्या एका घड्याळांच्या कारखान्यात झाला. माझे कवच पितळेचे, त्यावर चकाकता मुलामा. डोक्यावर एकच बटण: एकदा दाबले की सुरू, दुसऱ्यांदा बंद, तिसऱ्यांदा शून्यावर. रोज सकाळी चावी द्यावी लागते. भोपाळला मी आलो तो भेल या वीजयंत्रांच्या सरकारी कारखान्याच्या वसाहतीतल्या प्रशिक्षक गोपीनाथ सरांकडे. त्यांनी माझ्यावर शेकडो मुलांच्या वेळा घेतल्या. निकालावरून भांडण झाले की सर मला वर धरायचे आणि भांडण तिथेच संपायचे. निवृत्त होताना त्यांनी मला सुचेता मॅडमकडे दिले. मॅडम इंदूरच्या, शाळेत असताना स्वतः आठशे मीटर धावायच्या. लग्नानंतर भोपाळच्या सोनागिरी भागात आल्या. त्यांचे पती उदय भेलच्या कारखान्यात तंत्रज्ञ आहेत.

पुढे शाळेने बॅटरीची घड्याळे आणली. काही वर्षे मी शिट्ट्या आणि रिलेच्या दांड्यांबरोबर लोखंडी कपाटात पडून होतो. बॅटऱ्या संपल्या, नव्या कोणी आणल्या नाहीत, आणि मॅडमनी मला पुन्हा बाहेर काढले. तेव्हापासून मी त्यांच्या गळ्यात आहे. त्यामुळे त्यांच्याविषयी बऱ्याच गोष्टी मला इतरांच्या आधी कळल्या.

गेल्या वर्षभरात त्यांची मूठ बदलली होती. थंडीतही तळवा अचानक तापायचा, मग ओला व्हायचा. मुलींची नावे त्यांच्या ओठांवर येऊन अडायची. ज्या सरावाची वेळ त्यांनी स्वतः ठरवली, तो त्या विसरायच्या. कोणी काही विचारले तर आवाज चढायचा आणि नंतर त्या कपाटाआड जाऊन उभ्या राहायच्या. सहा डिसेंबरला सोनल शेवटच्या वळणावर असताना त्यांच्या छातीतून वर, मानेपर्यंत, वाफ चढली. डोळ्यांपुढे अंधारी आली. त्यांनी बटण दाबलेच नाही.

सोमवारी त्या मला सोनागिरी बाजारातल्या घड्याळजीकडे घेऊन गेल्या. त्याने माझे झाकण उघडले, डोळ्याला भिंग लावले, पाच वेळा सुरू-बंद केले.

"मैडम, घड़ी एकदम सही है. बटन दबा ही नहीं होगा."

"ठीक से देखो भैया."

"देख लिया. इसको कुछ नहीं हुआ."

निर्दोष ठरल्याचा मला आनंद व्हायला हवा होता. पण मॅडमनी मला पर्समध्ये टाकले आणि दुकानाच्या पायरीवर त्या बराच वेळ उभ्या राहिल्या. मंगळवारी त्यांनी शाळेच्या कोऱ्या कागदावर अर्ज लिहिला: स्मरणशक्ती साथ देत नसल्याने मैदानावरील कामातून मुक्त करावे, ग्रंथालयात काम द्यावे. खाली सही केली, तारीख घातली नाही. अर्ज पर्समध्ये माझ्या शेजारी आला. सत्तेचाळिसाव्या वर्षी आपले डोके जात चालले आहे, अशी त्यांची खात्री झाली होती. ती खरी असेल तर मैदान सुटणार होते.

बुधवारी सकाळी सव्वासातला, पोह्यांना फोडणी देताना, त्यांनी शेगडी बंद केली आणि खिडकी उघडली. बाहेर धुके होते. मुलगी ऋतुजा स्वेटर घालून टेबलाशी बसली होती. ती एकोणीस वर्षांची आहे, कॉलेजात शिकते.

"आई, परत?"

"बोलू नकोस माझ्याशी आत्ता."

 ऋतुजाने टेबलावरून मला उचलले आणि बटण दाबले. आईने पदराने मान पुसून खिडकी लावली तेव्हा पुन्हा दाबले.

"तीन मिनिटं पन्नास," ती म्हणाली.

"हे काय चाललंय?"

"तू सोनलचं काय करतेस? तेच."

मॅडमना हसू आले. मग त्यांनी शाळेचे सरावकार्ड घेतले. धावपटूच्या नावाच्या जागी काहीच लिहिले नाही. तारीख, वेळ, किती टिकले, आधी काय चालले होते, असे रकाने आखले. मित्रांनो, मी आयुष्यभर धावणाऱ्यांना मोजले. उभ्या असलेल्या माणसाला मोजण्याची ही माझी पहिलीच वेळ. नऊ दिवसांत एकतीस नोंदी झाल्या. सर्वांत लहान पावणेदोन मिनिटांची, सर्वांत मोठी सहाची. शिवाय कितीदा झोपमोड झाली, कधी छातीत धडधडले, कधी शब्द सापडला नाही, तेही त्या लिहू लागल्या.

स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. अदिती यांच्याकडे शनिवारी, वीस तारखेला नंबर मिळाला. ऋतुजाने चौकशी केली होती: एका पेशंटला साधारण सात मिनिटे मिळतात. म्हणून गुरुवारी संध्याकाळी घरात सराव झाला. उदय कोचावर बसले होते. ऋतुजा डॉक्टर झाली आणि तिने मला सुरू केले.

"बोला, काय त्रास आहे?"

पहिल्या खेपेला मॅडम नऊ मिनिटे वीस सेकंद बोलल्या. त्यात सासूबाईंचे गुडघे आले, उदयची ॲसिडिटी आली, शाळेतले राजकारण आले.

"आई, तिथे पेशंट कोण आहे? आजी का बाबा?"

"अगं, सुरुवात कुठून करायची तेच कळत नाही."

"माझी ॲसिडिटी मी सांगेन माझ्या डॉक्टरांना," उदय म्हणाले.

"तुम्ही कधी सांगितलंय? मीच सांगते दरवेळी."

दुसऱ्या खेपेला कार्ड हातात होते. वाफा, झोप, विसरणे, चिडचिड, सगळे नीट आले. मग ऋतुजाने विचारले, "आणि पाळी?" मॅडम थांबल्या. मी चालू होतो, म्हणून सांगू शकतो, बावीस सेकंद कोणी बोलले नाही.

ऋतुजा म्हणाली, "बाबा, तुम्ही जरा आत जाता का?"

"नको," मॅडम म्हणाल्या. "बसू दे त्यांना. शनिवारी शेजारच्या खुर्चीत तेच असणार आहेत." मग त्यांनी भिंतीकडे बघत सांगितले. चोपन्न दिवस काही नव्हते. पंचवीस नोव्हेंबरला पाळी आली ती नऊ डिसेंबरला थांबली. पहिले आठ दिवस तासा-दीड तासाला पॅड बदलावे लागत होते. गाठी जात होत्या. सहा तारखेला त्या मैदानावर उभ्या होत्या तो बारावा दिवस होता.

"पंधरा दिवस?" उदय म्हणाले. "मला कसं कळलं नाही?"

"कळेल कसं? डबा रोज वेळेवर मिळत होता ना."

उदय उठले, कार्ड घेतले आणि मागच्या बाजूला स्वच्छ अक्षरात त्या तारखा लिहिल्या. चूक नको म्हणून एकदा मोठ्याने वाचून दाखवल्या. शेजारच्या काकूंनी दिलेली पावडर मॅडम महिनाभर घेत होत्या, तेही ऋतुजाने लिहायला लावले. आईकडे, मावशीकडे कोणाला स्तनाचा कर्करोग, पायात रक्ताची गुठळी, असे काही होते का, हे मॅडमनी इंदूरला फोन करून विचारले. शेवटच्या खेपेला सगळे दोन मिनिटे दहा सेकंदांत बसले.

शनिवारी मी पर्समध्ये होतो. डॉक्टर अदिती ग्वाल्हेरच्या, त्यांच्या मराठीत हिंदी सहज येते. त्यांनी विचारले, "हं, काय तकलीफ आहे?"

उत्तर उदयनी दिले. "विशेष नाही डॉक्टर. जरा चिडचिड होते, विसरायला होतं. टेन्शन फार घेते ती."



"अहो, मी सांगते," मॅडम म्हणाल्या.

त्या किती वेळ बोलल्या ते मला सांगता येणार नाही, मला कोणी सुरू केले नव्हते. पण पंधरा दिवस, पॅड, गाठी, काहीही सुटले नाही. पावडरही आली. आणि शेवटी जे सरावात नव्हते तेही आले: "घड्याळ अडकलं असं मी शाळेत खोटं सांगितलं. बटण मीच दाबलं नव्हतं. मला वेड तर लागत नाहीये ना?"

डॉक्टरांनी कार्डाच्या दोन्ही बाजू वाचल्या. "असं लिहून कोणी आणत नाही. चार जणींतल्या तिघींचे तर मिस्टरच बोलतात." उदय खाली बघत होते. "वेड वगैरे नाही. पाळी जायच्या आधी काही वर्षं हॉर्मोन वर-खाली होतात, त्याला पेरिमेनोपॉज म्हणतात. वाफा, झोप तुटणं, लक्ष उडणं, चिडचिड, सगळं त्यात येतं. त्यावर इलाज आहेत, हॉर्मोनचे आहेत, बिनहॉर्मोनचे आहेत, तुमच्यासाठी कुठला ते बघू. पण एवढं रक्त जाणं, हे वयाचं आहे म्हणून सोडायचं नाही. आधी हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि सोनोग्राफी. पावडर आजपासून बंद."

"मी मैदान सोडू का? तसा अर्ज लिहून ठेवलाय."

"ते मी कसं सांगू? रिपोर्ट बघून बोलू. तोवर अर्ज देऊ नका."

मित्रांनो, मी यंत्र आहे. माझी निगा साधी आहे: सकाळी चावी द्या, पाण्यात टाकू नका, आणि स्वतःची चूक माझ्यावर ढकलू नका. माणसाचे तेवढे सोपे नसते. तुमची आई थंडीत खिडकी उघडू लागली, शब्दासाठी अडू लागली, तर हसू नका आणि टेन्शन घेतेस म्हणू नका. तारखा लिहायला बसा. ती डॉक्टरांकडे बोलत असेल तर तिला पूर्ण बोलू द्या. हे मुलांनीही ऐकायचे आहे, फक्त मुलींनी नाही.

बाकीचे जेवढे कळले आहे तेवढे सांगतो. सोमवारी रक्ताचे अहवाल आले. थायरॉइड ठीक आहे. हिमोग्लोबिन आठ पूर्णांक नऊ निघाले आणि लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. सोनोग्राफी त्याच दुपारी झाली. त्याच दिवशी मॅडमनी शैलेंद्र सरांना सहा तारखेची खरी हकीकत सांगितली. सोनलची शर्यत शुक्रवारी, सव्वीसला पुन्हा घेण्याचे ठरले. सरांनी एवढेच विचारले, "तो फिनिश लाइन पर कौन रहेगा?"

आज मंगळवार, २३ डिसेंबर. सोनोग्राफीचा अहवाल चार वाजता मिळणार होता. आता पावणेसहा झाले आहेत. उदय सोनोग्राफी केंद्राच्या काउंटरपाशी रांगेत आहेत, मॅडम बाहेरच्या बाकावर. अर्ज पर्समध्येच आहे, त्यावर अजून तारीख नाही. शैलेंद्र सरांनी पंचांच्या यादीतली अंतिम रेषेची जागा मॅडमच्या उत्तरासाठी उद्या सकाळी नऊपर्यंत रिकामी ठेवली आहे.