मानमोडीत गेली असं सांगा

मी सहाण आहे. देवघरातली नव्हे, तिच्या नशिबी चंदन आणि फुलं. मी नाशकात, भद्रकालीच्या बाजूला, सावळीराम वैद्याच्या ओसरीवर बसले आहे. अंजनेरीच्या पायथ्याच्या काळ्या दगडातून एका पाथरवटानं मला काढलं आणि सावळीरामच्या बापानं मला घरी आणलं. त्याला आता साठ वर्षं झाली. इतक्या मुळ्या आणि साली माझ्या अंगावर उगाळल्या गेल्या, की मधोमध खळगा पडलाय आणि त्यात ओंजळभर पाणी राहतं.

दगडाला लाज नसते. म्हणून या ओसरीवर साठ वर्षांत जो शब्द कुणी उच्चारला नाही तो मी उच्चारते : स्तन. स्तनातली गाठ. ज्यांना कानांवर हात ठेवायचे असतील त्यांनी खुशाल ठेवावेत. मी बोलणार आहे ते त्यांच्याच लेकीसुनांबद्दल.

माणसांची एक रीत मी पाहत आले. गुडघा दुखला की माणूस स्वतः लंगडत येतो. पाठीला करट झालं की सदरा वर करून चारचौघांत दाखवतो. पण 'तो' लेप न्यायला जिचं दुखणं ती कधी येत नसे. नवरा येई, सासू येई, एखाद्या वेळी दीरही येई.

"घरात बरं नाही," नवरा म्हणे.

"काय होतंय?"

"तिकडं." त्याचा हात स्वतःच्या छातीकडे निघे आणि अर्ध्या वाटेतच खाली पडे.

एवढ्यावर सावळीराम समजे आणि एक मूळ, एक हळकुंड माझ्यावर उगाळायला घेई. तो लबाड नव्हता, हे आधी सांगते. अंगावर पाजणाऱ्या बाईचं दूध साकळून सूज आली, तर या लेपानं उतार पडे. म्हणून तोच लेप तो सगळ्यांना देई. ओली बाळंतीण असो की जिची कूस कधी उजवलीच नाही अशी पन्नाशीची बाई असो, लेप एकच, आणि तोही न बघता. जी परत आली नाही ती बरी झाली, असं तो धरून चाले. स्मशानात गेलेली बाईही परत येत नाही, हे त्याच्या कधी ध्यानात आलं नाही.

मग पहिल्यांदाच एक बाई स्वतः आली. निफाडकडची कुसाबाई. सन एकोणीसशे अठराचा दसरा नुकताच झाला होता आणि मानमोडीच्या तापानं गावंच्या गावं ओस पडत होती. ओसरीवर दुसरं कुणी नव्हतं. कुसाबाईनं पदराच्या चार घड्या छातीशी धरल्या होत्या, आणि त्या घड्यांतूनही वास येत होता. गाठ फुटली होती.

"लेप नको," ती म्हणाली. "लेप वरीसभर लावला. माझी थोरली बहीण अशीच गेली, आता मी चालले. आमच्या घरात हे बायांच्या मागं लागलंय, वैदबाबा."

"मग काय हवं, बाई?"

"माझ्या चंद्रभागेचं लगीन वैशाखात हाय. तिला मी मामाकडं धाडलंय, तिला यातलं ठावं नाय. पोराकडचे चौकशीला तुमच्याकडंच येतील. सारे तुमच्याकडंच येत्यात. त्यांना म्हणावं, कुसाबाई मानमोडीत गेली. गावोगाव मानसं मरत्यात. कोन इचारनार हाय?"

सावळीरामनं मुळीकडे हात नेला. तेव्हा तिनं त्याचा हात धरला आणि माझ्यावर ठेवला. "ह्या दगडावर हात ठिवून सांगा. कुनाला सांगनार नाय. पोरीलासुदिक नाय."

त्यानं शपथ घेतली. पंधरा दिवसांत कुसाबाई गेली. पुढं मनमाडहून दोन पागोटीवाले आले आणि मुलीच्या घरात काही दुखणं आहे का, कोड, क्षय, फेफरं, असं विचारू लागले. सावळीराम म्हणाला, "कूळ निर्मळ आहे. आई मानमोडीत गेली, बिचारी." पागोटीवाले समाधानानं चहा पिऊन गेले.

माझा राग इथूनच सुरू होतो. सोयरिकीच्या बाजारात मुलीची किंमत घटू नये म्हणून घरातल्या बायकांची मरणं पुसून टाकायची! बैल घेताना लोक त्याचे दात मोजतात, त्याच्या आईनं किती दूध दिलं तेही विचारतात. आणि स्वतःच्या लेकीला तिची आई कशानं गेली एवढं सांगत नाहीत.

एकोणीस वर्षं गेली. सन सदतीसच्या उन्हाळ्यात पस्तिशीची एक बाई ओसरीवर चढली. नवरा वाल्मीक, मनमाडला रेल्वेत सांधेवाला. तीन मुलं, थोरली सिंधू पंधरा वर्षांची. आपण कुसाबाईची चंद्रभागा, हे तिनं सांगायच्या आधीच सावळीरामनं ओळखलं होतं. चेहरा तोच होता.

"बाबा, हितं हरभऱ्याएवढं काय तरी लागतंय," ती पदराआडून म्हणाली. "दुखत नाय, खुपत नाय. तरी म्हटलं इचारावं."

सावळीरामचा हात माझ्यावर थांबला. मी साठ वर्षं तो हात ओळखते. उगाळताना तो असा कधी थांबला नव्हता.

"एकदा दवाखान्यात दाखव, पोरी."

"सिंधूचं बघतोय सध्या. आता दवाखान्याची वारी सुरू झाली की लोक म्हनतील, आई रोगट हाय. मांडव पडला की दाखवते. तंवर लेप द्या."

त्यानं लेप दिला. माझ्याच अंगावर उगाळून दिला. तिच्या आईची गोष्ट त्याच्या ओठांवर होती, पण शपथ आडवी आली. दिलेल्या शब्दाला जागणारा माणूस होता तो! अशा भल्या माणसांची मला भीती वाटते.

दिवाळीनंतर चंद्रभागा पुन्हा आली, तेव्हा गुलजारबी ओसरीवर गुडघ्याला तेल चोळत बसली होती. गुलजारबी बायकांच्या दवाखान्यात दाई, राहायला मागच्याच गल्लीत. दवाखान्यात नोकरीला असून गुडघ्यासाठी मात्र तिला सावळीरामचंच तेल लागे, आणि त्याबद्दल तो तिला नेहमी चिडवी. त्या दिवशी तिनं चंद्रभागेला सरळ दाराआड नेलं. बाहेर आली ती लेपाचं पान रस्त्यावर भिरकावूनच.

"गाठीची सुपारी झाली, सुपारी! आणि तुम्ही हळद फासता, वैदबुवा? हिची काय पूजा मांडलीये का? चल गं बेटी, आत्ताच चल."

"दुखत नाय ओ गुलजारबी."

"दुखत नाही तेच तर खराब! दुधाची गाठ बोंबलते, ठणकते, ताप आणते. ही चोरासारखी गप्प बसते."

दोघी गेल्या आणि संध्याकाळी परत आल्या. डॉक्टरीणबाईंनी तपासलं होतं, आणि पहिला सवाल केला होता : आई, मावशी, आत्या, आजी, कुणाला असं झालं होतं का? चंद्रभागेनं ठामपणे सांगितलं, नाही. आई मानमोडीत गेली. बाईंनी विचार करून सांगितलं, वय फार नाही, तीन मुलांना पाजलंय, गाठ बोटाखाली सरकते. अशा पुष्कळ गाठी साध्या असतात. दोन महिन्यांनी या, मग बघू. घरात कुणाला असतं, तर एक दिवस थांबू दिलं नसतं.

हे सगळं चंद्रभागेनं ओसरीवर हसत सांगितलं. सुटल्यासारखं वाटत होतं तिला. सावळीराम समोर बसला होता. तोंड उघडलं असतं तर दवाखाना हाकेच्या अंतरावर होता.

तो म्हणाला, "देवाची कृपा."

मी दगड आहे, फुटता आलं असतं तर फुटले असते.

दोन महिने मग तीन झाले, कारण संक्रांतीला घरी पाहुणे होते. माघात ती आली तेव्हा काखेत दुसरी गाठ होती आणि स्तनावरची कातडी लिंबाच्या सालीसारखी झाली होती. गुलजारबीनं बघितलं आणि ती पायरीवर बसली. ते पाहून सावळीराम ढासळला आणि त्यानं सगळं सांगितलं. कुसाबाई, तिची बहीण, शपथ.

चंद्रभागा रडली नाही. माझ्या खळग्यातल्या पाण्यात तिनं बोटं बुडवली.

"लेप धुवून निघतो, बाबा," ती म्हणाली. "तुमचं गप्प बसनं मी कशानं धुवू?"

मुंबईला नेऊन तिचा स्तन कापला, काखेपर्यंत. नंतर ती नाशकात टाके दाखवायला येई आणि परतीच्या गाडीपर्यंत आमच्या ओसरीवर पडून राही. उजवा हात सुजून मांडीएवढा झाला होता. सोबत सिंधू असे. गुलजारबी पट्टी बांधता बांधता बोलत राही, आणि आसपासच्या बायका भिंतीला कान लावत.

"मला नजर लागली म्हून झालं का ओ?" चंद्रभागेनं एकदा विचारलं. "का चोळी घट्ट शिवली म्हून?"

"ना नजर, ना चोळी, ना पाप. हे असलं खूळ ज्यानं काढलं त्याला आधी औषध द्या. बाईसाहेब सांगतात, वय चढतं तसा धोका चढतो. जिला मूल नाही किंवा उशिरा झालं, जिनं अंगावर पाजलं नाही, तिला जास्त. ज्या घरात आईला, बहिणीला, मावशीला झालं, तिथं जास्त. बापाकडची आत्या, आजी, तीपण धरायची; लोक नुसतं आईचं माहेर मोजतात. म्हणून पोराला अंगावर पाजा, वर्ष दोन वर्षं पाजा, त्यानं धोका थोडा उतरतो."

"मी तर तिघांना पाजलं की."

"हो, बेटी." गुलजारबीनं पट्टीची गाठ मारली. "छत्री घेतली तरी थोडा पाऊस लागतोच कुणाला तरी. म्हणून तर हातानं बघायचं. सिंधू, इकडं ये. दर महिन्याला, पाळी सरली की दोनचार दिवसांनी, दार लावून बोटांच्या पेरांनी चाचपायचं. काखेपर्यंत. गाठ, खळी, आत ओढलेलं बोंड, रक्त, काहीही नवं दिसलं की दवाखाना. मांडव नाही, संक्रांत नाही, सासू नाही. दवाखाना."

चैत्रात लासलगावचा गोटीराम ओसरीवर आला. सिंधूला बघून गेलेल्या मुलाचा चुलता. कोपऱ्यात घोंगडी पांघरून पडलेली बाई कोण, हे त्याला ठाऊक नव्हतं.

"वैदबाबा, मनमाडच्या वाल्मीकची पोरगी. घरात काय वंगाळ दुखणं नाही ना?"

सावळीरामनं तोंड उघडलं, पण त्याच्या आधी घोंगडी बाजूला झाली.

"हाय," चंद्रभागा उठून बसत म्हणाली. "मी पोरीची आई. माझी आई छातीच्या गाठीनं गेली, मावशी गेली, मी चालले. पोरीला आज काय नाय. पुढं होईल का, देवाला ठावं. करायची तर हे ऐकून करा, पाव्हनं."

गोटीराम चपला घालायलाही थांबला नाही; हातात घेऊन उतरला. ओसरीवर सिंधू हुंदके देत होती. "आये, का सांगितलंस? मला कोन करनार आता?"

"नको करू देत," आई म्हणाली. "तू माझ्यासारखं मांडव पडायची वाट बघू नको."

पोळ्याच्या आधी चंद्रभागा गेली. फुप्फुसात उतरलं होतं. तेराव्याला जमलेल्या बायकांनी विचारलं, कशानं गेली? वाल्मीक म्हणाला, तापानं. आणि सोळा वर्षांची सिंधू सगळ्यांसमोर म्हणाली, "खोटं. छातीच्या गाठीनं गेली. आजीपण त्यानंच गेली." हे तिनंच गुलजारबीला सांगितलं, माझ्यासमोर. बापानं तिला त्या दिवशी मारलं, तेही सांगितलं.

सावळीराम आता तो लेप उगाळत नाही. कुणी न्यायला आलं तर म्हणतो, बाईला घेऊन या, गुलजारबी बघेल. काही शिव्या देऊन जातात आणि दुसऱ्या वैद्याकडून लेप नेतात. माझ्या अंगावर गुडघ्यांची आणि खोकल्याची औषधं चालतात. उरलेले दिवस तेवढ्यात जातील.

वाचणाऱ्या बाये, तुझ्याकडे एकच मागणं आहे. आईला विचार, तुझी आई कशानं गेली. आत्याला विचार. त्या 'जुनं कशाला उकरतेस' म्हणतील, तरी विचार. आणि जे कळेल ते लेकीला सांग, तिचं लग्न मोडलं तरी सांग. लाजेनं मेलेल्या बायकांची राख गोदावरीत पुष्कळ गेली आहे.

सिंधूचं लग्न अजून जमलेलं नाही. गेल्या महिन्यात तिच्या बोटांना काखेजवळ वाटाण्याएवढं काहीतरी लागलं. बाप कामावर होता. तिनं शेजारणीला सांगितलं, दुपारची गाडी धरली आणि एकटी नाशकात आली. डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं, काही नाही, केसतोड आहे.

ओसरीवर येऊन ती घोटभर पाणी प्याली आणि संध्याकाळच्या गाडीनं परत गेली.