उत्तर आलं

भट्टीताईने सात नंबरच्या दारावर तिसऱ्यांदा थाप मारली आणि कान लाकडाला लावला. आत खोकला नव्हता, चपलांची फरफट नव्हती, आणि घड्याळांची टिकटिकही नव्हती.

घड्याळकाकांच्या भिंतीवर नऊ घड्याळं होती. रोज सकाळी त्यांना किल्ली दिल्याशिवाय काका चहाला शिवत नसत. ती टिकटिक बाहेरच्या बोळापर्यंत यायची. नवा भाडेकरू पहिले दोन दिवस कपाळ चोळत फिरायचा. आज बोळात नुसती शांतता होती.

“काका,” ती म्हणाली. “अहो काका, रुसलात की काय?”

रुसायला कारण होतं आणि ते फक्त तिला माहीत होतं.

चौदा खोल्यांच्या त्या सामाईक घरात स्वयंपाकघर एक होतं, अंगण एक होतं आणि कामं सगळ्यांची होती. भांडी, झाडू, संडास, पाण्याची टाकी, प्रत्येकाची पाळी प्रत्येक कामावर यायचीच. कुणाला सूट नाही, कुणाचा वशिला नाही. त्यातलंच एक काम दारं वाजवायचं. एकटी राहणारी पाच माणसं होती, भट्टीताई त्यांतलीच एक. सकाळी सातला त्यांची दारं वाजवायची, आतून ‘हो’ आलं की स्वयंपाकघरातल्या फळ्यावरच्या कागदात ‘उत्तर आलं’ या रकान्यात खूण करायची. दहा मिनिटांचं काम. पण सातला ताई बेकरीत पावाचे पत्रे ओढत असायची. पाचला ती घर सोडायची. पाळी बदलून मागितली, तर पाळ्या लावणारे फळामास्तर हसतमुखाने दोन आठवडे संडास गळ्यात मारायचे. म्हणून तिची पाळी सुरू झाल्यावर मंगळवारी आणि बुधवारी तिने निघता निघताच सगळ्या खुणा करून टाकल्या होत्या. सगळे ठणठणीत तर होते! काका जेवायलासुद्धा खाली येत नसत, खोलीतच काहीतरी करून खायचे. दोन दिवसांनी काय आभाळ कोसळणार होतं?

आज गुरुवार, तिच्या सुट्टीचा दिवस. आज ती खरोखर दार वाजवायला आली होती.

ती जिन्यावरून धावत खाली गेली. फळामास्तर गणिताचे निवृत्त शिक्षक; पाळ्यांचा फळा त्यांचा आणि जादा किल्ल्याही त्यांच्याकडेच. ते दाढी करत होते.

“सात नंबर,” तिला एवढंच बोलता आलं.

अर्ध्या गालावर साबण घेऊनच मास्तर वर आले. किल्ली फिरेपर्यंत ताई भिंतीला धरून उभी होती. देवा, नुसते झोपलेले असू देत, ती मनात घोकत होती, हवं तर मला वाट्टेल ते बोलू देत.

काका पलंग आणि टेबलाच्या मधल्या चिंचोळ्या जागेत कुशीवर पडले होते. एक हात अंगाखाली अडकला होता. ओठांना भेगा पडल्या होत्या, पण डोळे उघडे होते. ते डोळे मास्तरांवरून सरकले आणि ताईवर थांबले.

“वाजलं,” काका म्हणाले. आवाज कसला, नुसती खरखर. “आज वाजलं.”

ताईला तिथेच मेल्यासारखं झालं.

रुग्णवाहिका पंधरा मिनिटांत आली. तिच्यातल्या माणसाने गुडघे टेकून काकांची नाडी बघितली, अडकलेला हात हळूच मोकळा केला आणि मान वर न करता विचारलं, “किती वेळ पडून आहेत?”

“आज पहाटेपासून असणार,” मास्तर म्हणाले. मधल्या वेळात त्यांनी फळ्यावरचा कागद वर आणला होता. “हे बघा. काल सातला उत्तर आलेलं आहे. आमच्याकडे सगळं लिहून असतं.”

“नक्की ना? बराच काळ असं अंगाखाली दबून राहिलं की मूत्रपिंडावर येतं. त्याप्रमाणे आत्ताच सलाईन लावावं लागतं, तिकडे रुग्णालयात कळवावं लागतं. नेमकं सांगा.”

“लिहिलंय की,” मास्तरांनी कागद पुढे केला.

ताईने कागदाकडे बघितलं. तिच्याच हातच्या खुणा, कशा टपोऱ्या आणि नीटनेटक्या. खोटी खूण करणाऱ्याने महिन्यात खोली सोडायची, हा नियम सगळ्यांनी हात वर करून केला होता. तिचाही हात वर होता. ही खोली गेली तर तिला जायला दुसरं घर नव्हतं. भावाने दार कधीच बंद केलं होतं. गप्प बसलं तर कुणाला कळणार होतं? काकांना धड बोलता येत नव्हतं. तिने भिंतीवरच्या घड्याळांकडे पाहिलं. सगळीच्या सगळी बंद होती.

“मंगळवारपासून,” ती म्हणाली.

“काय?” मास्तर म्हणाले.

“सोमवारी मी संध्याकाळी यांना अंगणात पाहिलं. त्यानंतर कुणी बघितलेलं नाही. घड्याळांना किल्ली दिलेली नाही, बघा. दोन दिवस झाले असतील.” तिने कागदावर बोट ठेवलं. “मी दार वाजवलंच नव्हतं. त्या खुणा खोट्या आहेत.”

रुग्णवाहिकेतल्या माणसाने तिच्याकडे बघायलाही वेळ घालवला नाही. त्याने पिशवी उघडली, फोन खांद्यात धरला आणि भराभरा बोलायला लागला. काकांना खाली नेताना त्यांचा मोकळा हात स्ट्रेचरच्या कडेवरून लोंबत होता. ताईने तो उचलून चादरीखाली ठेवला. हात गार होता.

गाडी गेली. स्वयंपाकघरात दोघंच उरली. मास्तरांच्या गालावरचा साबण वाळून गेला होता.

“बाई, नियम तुम्हाला माहीत आहे,” ते म्हणाले. “जुने कागद काढा. आणखी किती वेळा केलंत, तेही बघू.”

तिने खिळ्यावरचा गठ्ठा उतरवला. स्वतःच्या पाळीचे आठवडे शोधता शोधता तिची नजर दुसऱ्याच ओळीवर गेली. अकरा नंबर, म्हणजे ती स्वतः. रोज खूण. वेगवेगळ्या हातांची, वेगवेगळ्या शाईची. सगळ्यांची पाळी, सगळ्यांच्या खुणा. मास्तरांची तिरपी खूणही होतीच.

“मास्तर, सातला मी कुठे असते?”

“बेकरीत. हे काय विचारणं झालं? सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणूनच तर...” मास्तर मध्येच थांबले.

“गेल्या महिन्यात मी चार दिवस कामावर गेले नव्हते. तापाने फणफणले होते. पाणी घ्यायलाही उठवत नव्हतं. दारावर एकदाही थाप पडली नाही.” तिने कागद त्यांच्यासमोर धरला. “तुमची पाळी होती.”

मास्तरांनी चष्मा पुसला आणि वाचलं. चारही दिवस ‘उत्तर आलं’. मग खुर्ची ओढून बसले, एकदम म्हातारे दिसायला लागले.

“उद्या तुमचं दार मी वाजवतो,” ते शेवटी म्हणाले.

“सातला मी नसते.”

“मग किती वाजता येऊ?”

“पावणेपाचला,” ती म्हणाली. तिला अजूनही भीती वाटत होती, पण आता ती एकट्या काकांसाठी नव्हती, स्वतःसाठीही होती. “आणि जोरात वाजवा.”