अण्णा झोपलेत

माझा धाकटा भाऊ हयवदन अटलांटिक महासागर वल्ही मारत पार करायला निघाला, तेव्हा अख्ख्या गल्लीने त्याचं कौतुक केलं. मी नाही केलं. धडधाकट माणसाने बेंगळुरूतली चांगली नोकरी सोडावी, मित्राबरोबर होडक्यात बसावं आणि महिना-दोन महिने आळीपाळीने वल्हवत राहावं, यात काय मोठं, ते मला अजून कळलेलं नाही. "अण्णांची तब्येत बघतोयस ना?" म्हटलं, तर म्हणाला, "अक्का, तू आहेस की." हो, मी आहेच. मी कुठे जाणार?

तो निघाला आणि आठवड्याभरात अण्णा गेले. अण्णा म्हणजे आमचे वडील. पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात जन्मभर लेथ चालवून त्यांनी आम्हा दोघांना शिकवलं. अग्नी चुलतभाऊ पुरुषोत्तमने दिला, दिवसही त्यानेच केले. पोटचा मुलगा असताना.

अम्माने मला बजावलं, हयू किनाऱ्याला लागेपर्यंत त्याला काही कळता कामा नये. "पाण्यात आहे तो. कळलं तर हातपाय गळतील त्याचे. एक गेला, दुसरा मला घालवायचा नाही." मोहीम चालवणाऱ्या लोकांना मी तसं कळवलं. त्यांना तर ते सोयीचंच होतं.

मग आमचं नाटक सुरू झालं. हयू समुद्रातून सॅटेलाइट फोन करायचा आणि दर वेळी आधी विचारायचा, "अण्णा कुठायत?" नाताळात अम्मा म्हणाली, झोपलेत. नव्या वर्षाला म्हणाली, मठात गेलेत. मंगळसूत्र नसलेल्या गळ्याने आणि रित्या कपाळाने ती हे हसून सांगायची, आणि फोन ठेवला की स्वयंपाकघरात जाऊन भिंतीकडे तोंड करून बसायची. तिला तसं बघून माझा जीव जळायचा.

संक्रांत आली. आमच्याकडे वर्षभर सण नाही. गल्लीतल्या पोरी नवे परकर नेसून तीळ, गूळ, खोबऱ्याचं एळ्ळु-बेल्ल वाटत फिरत होत्या, आमचं दार तेवढं वगळून. तेवढ्यात हयूचा फोन. अम्माने डोळे पुसले आणि म्हणाली, "स्वल्प घाईत आहे रे, बायका आल्यात एळ्ळु-बेल्ल घेऊन." तिला साथ म्हणून मी रिकामं ताट वाजवलं आणि नसलेल्या बायकांना "या, बसा" म्हटलं. स्वतःची किळस आली मला. तो म्हणाला, "अण्णांना माझा नमस्कार सांग."

त्याच संध्याकाळी मोहिमेच्या लोकांनी एक फोटो पाठवला. त्याचा जोडीदार कार्तिक याने काढलेला. हयू पाठमोरा वल्हवत होता, नेहमीची टोपी डोक्यावर नव्हती. डोकं भादरलेलं, त्यावर नुकते उगवलेले खुरटे केस, आणि मागे शेंडी.

मुंजीनंतर या मुलाने कधी शेंडी ठेवली नव्हती. आमच्यात बाप गेला की मुलगा शेंडी राखून डोकं भादरतो. एरवी आजकालचा कुठला पोरगा असं करतो? मी फोटो मोठा करून बघत होते, अम्मा मागे कधी येऊन उभी राहिली कळलंच नाही. तिने पाहिलं आणि दिवा लावायला गेली.

पुढचा फोन आला. "अण्णा कुठायत?"

या वेळी फोन मी घेतला होता. "शेंडी कुणासाठी ठेवलीस रे?"

तो म्हणाला, "मला लगेचच कळलं होतं, अक्का. कार्तिकच्या घरून. मी तसं बोललो असतो तर तुम्ही म्हणाला असता, मदतीची बोट बोलाव आणि ये."

"मग दर वेळी विचारायचास कशाला?"

"नसतं विचारलं तर तुम्हाला संशय आला असता."

केवढा विचार केला होता पठ्ठ्याने. माझ्या तोंडात शिवी आली होती, पण अम्माने हात पुढे केला. मी फोन दिला.

"हयू," ती म्हणाली, "तुला कुणी सांगितलं ते असू दे. आता मी सांगते. अण्णा गेले, बाळा. जाताना विचारत होते, हयू येतोय का. मी हो म्हटलं. आता रड. मी आहे फोनवर."

पलीकडे पाणी वाजत राहिलं. मग तो म्हणाला, "अम्मा, माझी वल्हवायची पाळी आली. ठेवतो."

पाळी संपवून आडवा झाल्यावरच तो फोन करायचा, हे आम्हा दोघींनाही ठाऊक होतं.

"सरी, बरं बाळा, जा," अम्मा म्हणाली. तोवर फोन बंद झालेला होता.